पट्टीवरची थरथर

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला आणलं होतं हर्नियाच्या ऑपरेशनसाठी, आणि निघालं भलतंच. ईसीजीची पट्टी बघताच तरुण डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हृदय फडफडतंय. ऑपरेशन आज नको," म्हणत त्या मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

पेंटरच्या बायकोला हे पटेना. सकाळी चांगला बडबड करत चालत आलेला माणूस, आणि हृदय फडफडतंय? तिनं वळून पाहिलं, तर हे महाशय चक्क खुशीत!

"अहो, ऐकलंत ना?"

"ऐकलं गं. हृदयाचंच निघालं म्हणायचं. गोळ्या देतील, होईल बरं."

हृदयाचंच म्हणजे? आणखी कशाचं निघायचं होतं? तिला काही सुधरेना. इतकी वर्षं संसार करूनही या माणसाचा थांग म्हणून लागत नाही.

मोठ्या डॉक्टरांनी आल्या आल्या पट्टी बाजूला ठेवली आणि पेंटरची नाडी धरली. मग मनगटावरचे चिमटे काढायला लावून तारा वर, खांद्यांपाशी चिकटवल्या. उजवा तळहात कमरेखाली दाबून ठेवायला सांगितला. नवी पट्टी अगदी सरळ, शहाण्यासारखी आली.

"हृदय ठणठणीत आहे. हाताची थरथर पट्टीवर उमटली होती. कधीपासून थरथरतोय?"

"सुटलो बाई!" बायको म्हणाली. पेंटरचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

"डॉक्टर, हृदयाचंच म्हणा ना."

"असं कसं म्हणू? मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. औषधं आहेत यावर."

डॉक्टर गेल्यावर पेंटर हळूच म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. थरथरत्या हाताला दुकानाची पाटी कोण रंगवायला देईल?"

आता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि हसावं की रडावं तेच कळेना. नवरा वाचला होता, पण हातच गेला तर घर कसं चालायचं, ही भीती तिला त्याच्याहून जास्त वाटत होती.

ती बाहेर आली तोच मुलीचा फोन. "आई, काय म्हणाले गं डॉक्टर?"

दाराच्या फटीतून पेंटर दिसत होता. शर्टाचं बटण काही केल्या काजात जाईना.

"हृदयाचं आहे थोडंसं," ती बोलून गेली.

पलीकडे मुलगी हमसून रडायला लागली. आईनं दार ओढून घेतलं. तरी ती पुन्हा तेच म्हणाली, "हृदयाचंच आहे गं."