साठ म्हणणाऱ्यांची खुर्ची

मी बोलतेय ती तुमच्या समोरून नाही, तुमच्या खालून. सरकारी मुलाखतीच्या खोलीत टेबलाच्या अलीकडे जी एकटी खुर्ची असते, ती मी. उमेदवाराची खुर्ची.

सुताराने आम्हा चौघींना एकाच लाकडातून काढलं. तीन जणींना हात बसवले, गादी चढवली. माझी पाळी आली तेव्हा ऑर्डर द्यायला आलेला कारकून म्हणाला, "हिला हात नकोत."

"का हो? लाकूड उरलंय."

"उमेदवाराची आहे. हात कशाला लागतात त्याला?"

सुतार माझी पाठ घासत राहिला. "बसणाऱ्याला आपले हात कुठे ठेवायचे तेच कळायचं नाही," एवढंच तो पुटपुटला. त्याचं खरं निघालं. माझ्या बैठकीच्या कडेला खालून हात लावून बघा. नखांच्या खुणांनी ती खरखरीत झाली आहे. हात कुठे ठेवायचे ते न कळलेल्या शेकडो माणसांनी तिथे बोटं रुतवली आहेत.

माझी पुढची कड झिजली आहे आणि पाठीवरचं पॉलिश मात्र पहिल्या दिवसासारखं आहे. मुलाखतीला आलेला माणूस खुर्चीच्या टोकावर बसतो. टेकून बसणं म्हणजे उद्धटपणा, असं त्याला घरून बजावून पाठवलेलं असतं. इतक्या वर्षांत माझ्या पाठीला कुणाची पाठ लागली नव्हती.

वर्षातून दोन आठवडे मुलाखती चालायच्या. बाकीचं वर्ष खोलीला कुलूप. हातवाल्या तिघींना साहेबलोक मीटिंगसाठी उचलून न्यायचे, मी एकटी आत. सोबत म्हणून वरचा झरोका. त्यातून पलीकडच्या चौकशीच्या खिडकीवरचं बोलणं ऐकू यायचं. लोक अर्ज देत, उत्तर कधी मिळेल ते विचारत. आतून आवाज येई, "साठ दिवसांनी या." दिवसाला वीस-पंचवीस वेळा तरी. बोलणारी माणसं बदलली तरी साठ तेच राहिले.

माझं सगळं शिक्षण ऐकीव आहे. चलनवाढ म्हणजे काय ते मी निदान चारशे तऱ्हांनी ऐकलंय, त्यातल्या साडेतीनशे चुकीच्या. कुठल्या देशाने कुठल्या सामुद्रधुनीवर हक्क सांगितला, घटनेत बदल करायला किती मतं लागतात, व्याजदर वाढवले की कुणाच्या पोटात दुखतं, सगळं माझ्या डोक्यावर, म्हणजे बैठकीवर, बोललं गेलंय. वीस मिनिटांत एकेक माणूस आपली चार-पाच वर्षांची जागरणं ओतायचा आणि उठून जायचा. माणूस गेल्यावर मी थोडा वेळ गरम असायची. मग तेही नाही. कोण निवडलं गेलं, कोण घरी बसलं, ते मला कुणी सांगितलं नाही.

समोर तिघे बसत. मधोमध अध्यक्ष, त्यांना सगळे साहेब म्हणायचे. डावीकडे कायदा शिकवणाऱ्या बाई. उजवीकडे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, त्यांना शिपाई मागे 'आकडेशास्त्री' म्हणायचा. साहेबांकडे एक वही होती, काळ्या पुठ्ठ्याची. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तरं, सगळं स्वतःच्या सुंदर अक्षरात. वही कधी बदलली नाही. जगात देश फुटले, दोन नव्याने तयार झाले, वहीला पत्ता नव्हता.

त्या वहीत एक प्रश्न होता. 'नागरिकाने माहितीसाठी अर्ज केला, तर कार्यालयाने किती दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे?' उजव्या पानावर लिहिलेलं, साठ.

खरं तर कायदा कधीच बदलला होता. साठाचे तीस झाले होते. बदल झाला त्या वर्षी चार-पाच जणांनी ठणकावून तीस सांगितलं. साहेबांनी वहीत पाहिलं, चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "नक्की?" असं 'नक्की' ऐकलं की भल्याभल्याला आपलं नाव तरी खरं आहे का असा प्रश्न पडतो. त्यांचे गुण कापले गेले. बाहेरच्या बाकावर बातमी पसरायला अर्धा दिवस लागला. पुढच्या वर्षी दाराबाहेर कुजबुज ऐकली. "परीक्षेत तीस लिही, इथे साठ बोल. साहेबांना साठच लागतं." क्लासमध्येही तेच शिकवायला लागले म्हणे.

मग काय, साठचा पाऊसच. तीस ठाऊक असलेला प्रत्येक जण माझ्यावर बसून साठ म्हणायचा. म्हणताना त्याची बोटं माझ्या कडेखाली यायची. खोटं वरून गुळगुळीत ऐकू येतं, खालून मला नखं लागतात.

आणि यातली गंमत सांगू? ही नोकरी चौकशीच्या खिडकीवरचीच होती. इथे साठ म्हणणारा तिथे जाऊन बसायचा आणि साठच म्हणत राहायचा. तोंडाला बसलेलं असायचं, वर सोयीचंही होतं.

मग ती आली. पिवळी फाईल छातीशी धरून. तिचं नाव शिपायाने पुकारलं असेल, पण मी तिला पिवळ्या फाईलवरूनच ओळखते. पहिल्या वर्षी तिने तीस सांगितलं. साहेबांनी ठरलेलं 'नक्की?' विचारलं. ती म्हणाली, "नक्की. कायदा बदललाय, सर."

"आम्हाला शिकवायला आलात का?"

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

आकडेशास्त्री खाली बघून हसले. ती निवडली गेली नाही हे मला कळलं, कारण पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. माझ्यावर दुसऱ्यांदा बसणारी माणसं फार थोडी. मला इतका आनंद झाला की माझा मागचा पाय करकरला. तिला वाटलं खुर्ची मोडतेय. ती आणखी पुढे सरकली.

त्या दिवशी ती आत येण्याआधी दार उघडंच होतं. बाहेर तिची आई तिला सांगत होती.

"साठ म्हण गं बाई. एक शब्द. तुझं काय जातंय?"

"आई, तू हे म्हणतेस?"

"मीच म्हणतेय. यंदा वय संपतंय तुझं. पुढच्या वर्षी बसायला नाही मिळायचं."

"तू त्या खिडकीवर किती दिवस थांबलीस आठवतंय ना?"

आईने तिच्या फाईलची कड सरळ केली. मग म्हणाली, "माझं झालं ते झालं. तू नोकरीला लाग."

"तुम्हा मोठ्यांचं सगळं 'झालं ते झालं'वर कसं भागतं गं?" ती म्हणाली आणि आत आली.

"शेवटची संधी वाटतं?" साहेबांनी विचारलं.

"हो, सर."

आकडेशास्त्र्यांनी सुरुवात केली. "महागाईचा दर कमी झाला, म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या?"

"नाही, सर. महागाई जिना चढतेच आहे, फक्त दमल्यामुळे हळू चढतेय."

ते मोकळेपणी हसले. बाईंनी विचारलं, "एखाद्या देशाच्या प्रतिनिधीने आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, म्हणजे तो देश बांधला गेला?"

"बहुतेक वेळा नाही, मॅडम. सही म्हणजे साखरपुडा. देशाने रीतसर मान्यता दिली की लग्न."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. चांगलंच असावं. माझ्यावरचं तिचं वजन थोडं सैल झालं. तेवढ्यात साहेबांनी वहीचं पान उलटलं.

"नागरिकाने माहितीसाठी अर्ज केला, तर किती दिवसांत उत्तर?"

तिची बोटं माझ्या कडेखाली आली. मला वाटलं, आता साठ येणार. आणि खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. साठ म्हण, इथेच लाग, भिंतीपलीकडे तरी राहशील, झरोक्यातून तुझा आवाज येत राहील. मी एका खोलीत बंद असलेली खुर्ची. माझा स्वार्थ तो केवढा.

तिने हात वर मांडीवर घेतले.

"सर, तुम्हाला साठ ऐकायचंय. बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. उत्तर तीस आहे."

"गेल्या वर्षीही तुम्ही..."

"गेल्या वर्षी कारण सांगितलं नाही. माझ्या आईने बाबांच्या नोकरीच्या नोंदी मागितल्या होत्या, त्यांच्या पेन्शनसाठी. इथल्या खिडकीवर तिला साठ दिवसांनी या म्हणाले. ती थांबली. तिसाव्या दिवशी उत्तर नाही आलं, तर पुढच्या पंधरा दिवसांत अपील करायचं असतं. साठाव्या दिवशी गेली तेव्हा अपिलाची मुदत संपून गेली होती. तिला साठ सांगणारा माणूस याच खुर्चीवर साठ म्हणून पास झाला असेल."

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मी एरवी फक्त खोली कुलूपबंद असताना ऐकायची, तो आता ऐकला.

"तुम्ही जाऊ शकता," साहेब म्हणाले.

ती उठली. जाताना तिने मला टेबलाशी सरळ लावून ठेवलं. असं कुणी करत नाही.

दार लागल्यावर बाई उठल्या, कपाटातून एक जाड पुस्तक काढलं आणि उघडून साहेबांपुढे सरकवलं. साहेबांनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

"हे केव्हा झालं?"

"अकरा वर्षं झाली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"तुम्ही अध्यक्ष," बाई म्हणाल्या.

पुढचा उमेदवार आला, निळ्या शर्टातला. साहेबांनी सवयीने तोच प्रश्न विचारला, विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं.

"साठ, सर," तो म्हणाला. नखं मला लागली.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं नाही. त्यांनी पेन उचललं आणि बरोबरची खूण केली. जेवणाच्या सुट्टीत वहीतला तो प्रश्नच खोडून टाकला, उत्तरासकट. साठाचे तीस करायला एक शब्द पुरला असता. तो त्यांना लिहवला नाही. एवढी वर्षं खुर्चीत बसून माणसं नेमकं काय मोठी होतात, मला कळलेलं नाही. सुताराने मला हात दिले असते, तर ती वही मी खिडकीबाहेर भिरकावली असती.

त्यानंतर मुलाखती वरच्या मजल्यावर गेल्या, नव्या खुर्च्या आल्या. माझा एक पाय लुळा झालेला. शिपायाने मला उचलून चौकशीच्या खिडकीबाहेर भिंतीला लावून ठेवलं. आता झरोक्यातून नाही, समोरूनच ऐकते. "साठ दिवसांनी या." लोक माझ्यावर पिशव्या ठेवतात. पाय डुगडुगतो म्हणून बसत कुणी नाही. बंद खोलीत एकटं असणं एक वेळ बरं, रांगेच्या शेजारी एकटं असणं वाईट.

परवा पिवळी फाईल आली. सोबत काठी टेकत चालणाऱ्या एक आजी, तिच्या शेजारीण असाव्यात. आजींनी खिडकीतून अर्जाची पावती आत दिली.

"साठ दिवसांनी या, आजी."

"तीस," ती मागून म्हणाली. "आज एकतिसावा आहे." तिने फाईल उघडली आणि कायद्याचं छापील पान काचेला लावलं. "उत्तर द्या, नाहीतर दिलं नाही असं लिहून द्या. आमच्याकडे अपिलाला अजून चौदा दिवस आहेत."

आत निळ्या शर्टातलाच होता. त्याने पानाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ओळख पटली असावी. आवाज खाली आणून तो म्हणाला, "मला माहीत आहे, ताई. तेव्हाही माहीत होतं."

"मग आता म्हणा. आजींना नीट ऐकू येत नाही, मोठ्याने म्हणा."

मागे रांग होती. त्याने रांगेकडे पाहिलं.

"तीस," तो म्हणाला. मग परत, रांगेला ऐकू जाईल असं, "तीस दिवस, आजी. बसा, फाईल बघून येतो."

शिपायाने आजींना आतला बाक दिला. ती स्वतः इकडेतिकडे बघत माझ्याकडे आली, माझ्यावरची कुणाची तरी पिशवी खाली ठेवली आणि बसली. तिने मला ओळखलं नाही. आपल्या खाली कोण आहे ते कोण बघतं? पण मी तिचं वजन ओळखलं. पूर्वीपेक्षा जरा थकलेलं होतं. मी लुळा पाय होता तेवढा घट्ट रोवला.

ती टोकावर बसली नाही. सरळ मागे सरकली आणि डोळे मिटून तिने माझ्या पाठीला पाठ लावली. पहिल्यांदाच कुणीतरी.

फाईल मिळायला चाळीस मिनिटं लागली. मग ती उठली आणि आजींचा हात धरून गेली.

तुमचंही कधी इथे काम निघेल. खिडकीतून जे सांगतील ते ऐकून लगेच घरी जाऊ नका. थोडं बसा. माझा पाय डुगडुगतो, पण पडू देणार नाही. फक्त टोकावर बसू नका, मागे सरका. माझी पाठ अजून जवळजवळ कोरीच आहे.