बारकीच्या हातातला डाव

मी डाव बोलतोय. राजकारणातला नव्हे, पत्त्यांतलाही नव्हे, पातेल्यातला. लांब दांड्याचा, खोलगट, बरोबर एका वाडग्याचं कढण मावेल एवढा. गैरसमज आधीच दूर केलेला बरा, कारण माझी बरीच हयात राजकारण्यांच्या सहवासात गेली आणि त्यांचेही डाव मी जवळून पाहिले.

माझा जन्म बंदरावरच्या कारखान्यात झाला. तिथल्या एका लोहाराने मोडीत निघालेल्या जहाजाच्या पत्र्यातून मला ठोकून काढलं. त्याची बायको गोदी कामगारांच्या उपाहारगृहात स्वयंपाकीण होती. रोज तीनशे माणसांना वाढून तिचं मनगट सुजायचं, म्हणून त्याने माझा दांडा लांब ठेवला आणि मुठीवर चामडं गुंडाळलं.

"बघ, हातात बसतो का," तो म्हणाला.

तिने मला दोनदा हवेत फिरवून पाहिलं. "बसतो," एवढंच बोलली. पण त्या दुपारी त्याच्या वाडग्यात दोन डाव पडले.

दोनच वर्षांनी कारखान्यातला बॉयलर फुटला आणि लोहार गेला. त्यांची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. काडीसारखी बारीक, म्हणून अख्खं बंदर तिला बारकी म्हणायचं. मायलेकी घर सोडून आमच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायला आल्या. सकाळी शाळा, दुपारी पातेलं, असा बारकीचा दिवस ठरून गेला.

ती बारा वर्षांची असताना एकदा आई तापाने फणफणली आणि वाढायचं काम पहिल्यांदाच एकट्या बारकीवर आलं. पोर हरखून गेली. ओळखीचा काका दिसला की काठोकाठ डाव, शेजारची मावशी दिसली की वर अर्धा आणखी. मला कळत होतं, पण डावाला कोण विचारतो? रांगेच्या शेवटी कोळसा उतरवणारे उभे होते. त्यांचं काम सगळ्यांत उशिरा संपायचं, म्हणून ते नेहमी शेवटीच यायचे. त्यांची पाळी आली आणि मी तळाला नुसताच खडखडलो. त्यांच्यातल्या पुढच्या माणसाने पातेल्यात डोकावून पाहिलं. कोरडंच वाडगं बाहीने पुसलं आणि वळला.

आई भिंतीला धरत बाहेर आली. "किती राहिले?"

"अकरा."

"कोण कोण?"

बारकीला एकाचंही नाव सांगता येईना.

"मग जा. विचारून ये. आणि माफी मागून ये."

बारकी गेली. परत आली तेव्हा तिच्या तळहातांना कोळसा लागला होता आणि अकरा नावं तोंडपाठ होती. संध्याकाळसाठी ठेवलेली मायलेकींची डाळ आईने चुलीवर चढवली, अकराजणांना बोलावून जेवू घातलं, आणि त्या दोघी पाणी पिऊन झोपल्या. दुसऱ्या दिवसापासून बारकी वाढण्याआधी दारात जाऊन रांग मोजायला लागली.

तिचा अभ्यास माझ्या साक्षीने झाला. पावाच्या पेटीला पुस्तक टेकवायचं, एका हाताने मला पातेल्यात फिरवायचं, दुसऱ्या हाताने पान उलटायचं. तिच्या भूगोलाच्या पुस्तकात कढण सांडून दोन महासागर जास्तीचे झाले होते. कायद्याच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. पुढे कामगारांच्या वतीने निवडणुकीला उभी राहिली आणि चार वेळा आपटली. चारही वेळा, निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, ॲप्रन बांधून हजर. कामगार गालातल्या गालात हसत वाडगी पुढे करायचे. "हसा," ती म्हणायची, "पण मतं कुठे टाकलीत ते सांगा." पाचव्यांदा निवडून आली, तेव्हा मात्र कुणाला हसू आवरेना, आणि तिलाही.

आई गेल्यावर स्वयंपाक दुसऱ्या बाईंकडे गेला, तरी शनिवारी दुपारी वाढायला बारकी यायचीच. मंत्री झाल्यावरही आली. मग युद्ध पेटलं. आधीच्या पंतप्रधानांनी तब्येतीचं कारण देऊन अंग काढून घेतलं आणि ती तापलेली खुर्ची घ्यायला कुणी पुढे येईना, म्हणून ती बारकीकडे आली.

दुसऱ्या वर्षी बॉम्ब पडून मंत्रालयाची इमारत कोसळली. तेव्हापासून मंत्रिमंडळ आमच्या उपाहारगृहाच्या तळघरात, बटाट्यांच्या पोत्यांवर बसायला लागलं. तिथेच मी खुंटीला टांगलेला असायचो. शत्रूच्या जहाजांनी बंदराचं तोंड अडवलं होतं. अन्नमंत्री कपाळ पुसत म्हणाले, "धान्य चाळीस दिवसांचं आहे. पण हे बाहेर कळता कामा नये. लोक हाय खातील. आहे तसं वाटत राहू, तोवर काहीतरी मार्ग निघेल."

"आणि नाही निघाला तर?" बारकीने विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू."

तिने खुंटीवरच्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "रांगेतल्या शेवटच्या माणसाला मी एकदा रिकामं पातेलं दाखवलंय. पुन्हा नाही दाखवणार."

त्याच दिवशी ती रेडिओवर बोलली. साधं, सरळ. धान्य चाळीस दिवसांचं आहे, ते ऐंशी दिवस पुरवायचं आहे. उद्यापासून निम्मं मिळेल, पण प्रत्येकाला मिळेल, मलाही निम्मंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः वाढायला उभी राहिली. रांग दारापलीकडे गेली होती. एक धिप्पाड क्रेनवाला पुढे आला. त्याने आपल्या अर्ध्या वाडग्याकडे पाहिलं.

"अर्ध्या पोटी क्रेन कशी चालवू, बारके?"

"मला माहीत नाही, काका," ती म्हणाली. "मी अर्ध्या पोटी देश कसा चालवू, तेही माहीत नाही. दोघांनी करून बघू."

त्याने वाडगं उचललं. "निदान थापा तरी मारल्या नाहीस," म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. रांग पुढे सरकली.

त्र्याहत्तराव्या दिवशी मित्रदेशांची जहाजं कोंडी फोडून आत शिरली. शेवटच्या दिवसांत माझ्यात कढण कमी आणि पाणीच जास्त असायचं, पण माझ्यापुढे आलेलं एकही वाडगं कोरडं गेलं नाही.

युद्ध संपल्यावर संग्रहालयाचे लोक मला न्यायला आले. मखमलीची पेटीही आणली होती. आमच्या स्वयंपाकीणबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "आणि मी वाढू कशाने? तुमच्या टोपीने?"

शेवटी त्यांनी हुबेहूब माझ्यासारखा दुसरा डाव करून घेतला. तो आता काचेआड झोपून असतो. खाली पाटी आहे, आणि ती वाचून पाहुण्यांचे डोळे पाणावतात म्हणे. बारकीला हे गुपित माहीत आहे. आता ती म्हातारी झाली आहे, काठी घेऊन जेवायला येते आणि तो विषय निघाला की पदर तोंडाला लावून हसते.

माझं चामडं तीनदा बदललं, कड झिजली, एक पोचाही आला आहे. पण पोटात रोज ऊन ऊन कढण असतं. यापरतं सुख ते काय? त्या काचेतल्या माझ्या भावाला जरूर भेटा, त्यालाही कुणीतरी हवंच. मला भेटायचं असेल तर मात्र दुपारी साडेबाराला या. येताना फुलं नकोत, भूक आणा.