आधी यादी, मग घर

ताईंनी नियमांच्या तक्त्याची खालची कड दुमडली, नखाने घडी दाबली आणि तक्ता भिंतीला चिकटवला. आता सहाच ओळी दिसत होत्या. सातवी घडीच्या आत गेली होती. नवा तक्ता लिहायला फार वेळ लागला नसता, पण सकाळपासून तीनदा पेन उघडून त्यांनी तीनदा बंद केलं होतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत नऊ नवे कार्यकर्ते बसले होते. पुढे रिक्षावाला, त्याच्या शेजारी दवाखान्यातला कंपाउंडर, मागे शाळेत स्वयंपाक करणाऱ्या दोघी जावा, एकमेकींच्या कानाला लागून हसणाऱ्या. सगळे बर्फाच्या कारखान्यामागच्या वस्तीतले. चार वर्षांपूर्वी पहिल्या तुकडीसाठी ताईंना दारोदार फिरून माणसं गोळा करावी लागली होती. या वेळी लोक आपणहून आले. दोन महिन्यांपूर्वी कारखान्यातला अमोनिया सुटला, चाळीसेक माणसं दवाखान्यात पडली, एक म्हातारी गेली, तेव्हा कुठे वस्तीला जाग आली. बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत.

"दार वाजवलं की दोन पावलं मागे सरायचं," ताईंनी सुरुवात केली. "अंगावर गेल्यासारखं उभं राहिलं तर माणूस बिचकतो."

"आणि कुत्रं असलं तर चार पावलं," रिक्षावाला म्हणाला. सगळे हसले.

तेवढ्यात दार ढकलून काजवाली आत आली आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करायची म्हणून ती काजवाली. पहिल्या तुकडीतली ताईंची सगळ्यात चोख कार्यकर्ती. आणि गेलेली म्हातारी तिची सासू. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. थोरल्या जावेने आपली खुर्ची हळूच वीतभर बाजूला घेतली. ताईंना ते दिसलं, पण त्यांनी तक्त्याकडे तोंड वळवलं.

आधी ऐकायचं, मग बोलायचं. ज्याचं गाऱ्हाणं त्यालाच साहेबापुढे मांडू द्यायचं. जमणार नाही ते कबूल करायचं नाही. ताई एकेक ओळ समजावत गेल्या. आवाज नेहमीचाच होता, फक्त वेग थोडा जास्त होता. सहावी ओळ संपताच त्या म्हणाल्या, "झालं. आता आपापल्या दहा घरांच्या याद्या करू."

"ताई, एक राहिली," काजवाली म्हणाली.

"ती या वेळी काढली मी. फार ओझं होतं गं माणसावर."

"काढू नका. वाचा."

ती उठली, पुढे आली आणि तिने स्वतःच्या हाताने घडी उलगडली. भोंगा वाजला की आधी यादी, मग घर.

हा नियम ताईंचाच. कारखान्याचा धोक्याचा भोंगा वाजला की प्रत्येक कार्यकर्त्याने आधी आपल्या यादीतली दहा घरं रिकामी करायची आणि मगच स्वतःच्या घराकडे वळायचं. स्वतःच्या घराची काळजी नको, कारण ते दुसऱ्या कुणाच्या तरी यादीत असतंच. त्या दिवशी काजवालीने ओला फडका नाकाला बांधून दहाच्या दहा घरं रिकामी केली. ताईंच्या लकवा झालेल्या वडिलांना तर तिने पाठीवर घेऊन वस्तीबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आणलं. मग ती घरी गेली. तोवर सासू उंबऱ्यात पडली होती.

सासू-सुनेचं विळ्या-भोपळ्याचं सख्य वस्तीला ठाऊक होतं. बाराव्या दिवसाच्या आतच नळावर बोलणं सुरू झालं. जगाच्या म्हाताऱ्या काढल्या आणि घरची तेवढी राहिली? सुनेने बरोबर काटा काढला. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही.

"लोक म्हणतात, असा काही नियमच नव्हता," काजवाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी मागाहून रचला म्हणतात. नवराही जेवताना माझ्याकडे बघत नाही. मी सांगून काय होतंय? तुम्ही सांगा. तुम्हीच ही ओळ काढून टाकली तर मी कुणाकडे बघू?"

"नियम होता," ताई म्हणाल्या. "मीच केला होता. ही नियमानेच वागली."

थोरल्या जावेने खाली बघितलं. एवढ्यावर भागलं असतं. काजवालीचा चेहरा सैल झालाही होता. पण कंपाउंडर हिशोबी माणूस, त्याला पुढचं दिसलं.

"मग यांचं घर कुणाच्या यादीत होतं?"

"त्या गल्लीची कार्यकर्ती आठवडाभर आधी वस्ती सोडून गेली होती," ताई म्हणाल्या.

चौकशीच्या सभेतही त्यांनी हेच सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. नरो वा कुंजरो वा, एवढंच. जाताना त्या बाईने यादी ताईंच्या हातात दिली होती. "दुसरं कुणी मिळेपर्यंत मी बघते," असं ताई तिला म्हणाल्या होत्या, आणि ते ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. भोंगा वाजला तेव्हा त्या याच खोलीत होत्या. त्या धावत सुटल्या त्या थेट घरी. वडिलांची खाट रिकामी दिसली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. तिथेच भिंतीला टेकून त्या दोन मिनिटं दम खात बसल्या. मग यादी आठवली. काजवालीच्या गल्लीच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा वायूमुळे आत शिरायची सोय उरली नव्हती.

"म्हणजे ती यादी कुणाकडेच नव्हती?" कंपाउंडरने विचारलं.

काजवालीने त्याच्याकडे बघून मान हलवली. तिने ते कधीच मान्य करून टाकलं होतं. कुणाचाच दोष नाही म्हणून ती दोन महिने एकटीच बोलणी खात होती. ताईंना ते बघवेना.

"माझ्याकडे होती," त्या म्हणाल्या.

कंपाउंडरने हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी घेतली होती. भोंगा वाजला आणि मी आधी घरी गेले. बाबांसाठी. सभेत मी हे सांगितलं नाही."

धाकट्या जावेने तोंडावर हात ठेवला. काजवालीने ओरडावं, हाताला येईल ते फेकून मारावं, असं ताईंना मनापासून वाटत होतं. पण ती तक्त्यापाशी तशीच उभी होती. कपाळाला आठी घालून ती काहीतरी जुळवून बघत होती, आणि ते जुळत नव्हतं.

"बाबांना तर मी काढलं," ती म्हणाली.

"हो."

"तुमचं घर माझ्या यादीत होतं. पहिलंच."

"हो."

"तुम्हीच लिहून दिलं होतं."

ताईंनी मान हलवली.

"मग तुम्ही घरी कशाला गेलात, ताई?"

तिच्या आवाजात राग नव्हता. शिकताना एखादी गोष्ट समजली नाही की ती अशीच उठून विचारायची. आताही ती उत्तरासाठी थांबली होती.