रिकामी खाच

चौतीस वर्षं विठाबाईनं नवऱ्याच्या खाकी पँटवरचे तेलाचे डाग घासले आणि प्रत्येक डागाला शिव्या घातल्या. पण तो अंबरनाथच्या कारखान्यात नेमकं करतो काय, हे तिला कधी कळलं नाही. बायकामाणसांना गेटच्या आत सोडत नसत, आणि विचारलं तर हिरामण म्हणायचा, "काम." झालं! एवढ्या एका शब्दावर बाईनं संसार ओढला.

मग तो रिटायर झाला. बदलापूरला मांजर्लीत मुलाच्या फ्लॅटवर दोघं राहायला आली आणि वर्षभरात काचबिंदूनं मेल्यानं त्याचे दोन्ही डोळे नेले. आता उजेड-अंधार तेवढा कळायचा. दोन वर्षं हिरामण खिडकीशी बसून होता. चहाचा कपसुद्धा विठाबाई त्याच्या हातात धरून द्यायची, कपाचा कान त्याच्या बोटांकडे फिरवून. हिरामण बल्ब बदलायला उठला की मुलगा, राजरत्न, म्हणायचा, "बाबा, तुम्ही बसा ना, मी आहे." पोरगा गोड बोलायचा हो, पण त्या गोड बोलण्यानंच म्हातारा दिवसेंदिवस खचत चालला होता. विठाबाईला ते दिसत होतं आणि तिचा जीव तुटत होता.

फेब्रुवारीतला रविवार होता. राजरत्ननं उल्हासनगरहून जुनी मारुती घेतलेली, तिचं ऑइल आणि फिल्टर घरीच बदलायचं त्याच्या डोक्यात बसलं. ठाण्याच्या ऑफिसातून इंटरनेटवरची चार पानं छापून आणली होती. हिरामण आदल्या रात्रीच म्हणाला होता, "फिल्टर मी बघू का?" त्यावर ठरलेलं उत्तर मिळालं. तरी सकाळी तो हट्टानं खाली आला, आणि विठाबाईनं त्याला गाडीपाशी खुर्ची टाकून दिली.

राजरत्ननं सगळं पान बघून केलं. जुनं तेल खाली काढलं, डब्यासारखा जुना फिल्टर फिरवून सोडवला, नवा बसवला, वरून नवं तेल ओतलं. हात पुसत तो किल्ली घ्यायला वळला.

"राजू, जुना फिल्टर दे इकडं."

"बाबा, घाण आहे तो."

"दे म्हणतो ना."

हिरामणनं फिल्टर मांडीवर घेतला आणि त्याच्या तोंडाच्या कडेवरून बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा. "खाच रिकामी आहे. ह्यातली रबराची रिंग कुठंय?"

"पडली असेल कुठंतरी."

"पडत नाही ती. चिकटून राहते, वर इंजिनाला. तू तिच्यावरच नवी चढवलीस. दोन रिंगा झाल्या की धरत नाही, गाडी तापली की सगळं तेल रस्त्यावर."

"पानात असं काहीच नाहीये, बाबा. टेन्शन नका घेऊ, चालू करून बघू, गळलं तर कळेलच."

"आमच्या खात्यात फोरमन विचारायचा, काढलं किती, लावलं किती? आकडा जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही." हिरामण उभा राहिला. दोन वर्षांत त्याचा आवाज असा चढला नव्हता. "मला बघू दे. खोटा ठरलो तर पुन्हा ह्या घरात कशाला हात लावणार नाही. तुझ्या आईदेखत सांगतो."

विठाबाई त्याला ओळखून होती. बोलला तसं करणारा माणूस तो. आज हात चुकला तर खिडकीपासून उठायचाच नाही. अहो, कशाला नसती पैज लावता, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि गाडीखाली गोणपाट अंथरलं.

तो आडवा झाला, खांद्यापर्यंत हात आत घातला. जो हात ताटातली भाकरी शोधताना तीनदा चुकायचा, तो सरळ जाऊन फिल्टरला भिडला. पान्हा मागितला नाही, काही नाही. मुठीनं नवा फिल्टर सोडवून बाजूला ठेवला. हात पुन्हा वर गेला. चेहरा असा शांत झाला की विठाबाईला वाटलं, हा माणूस आपण कधी पाहिलेलाच नाही. इतकी वर्षं शेजारी झोपलो, आणि हे एवढं ह्याच्याकडे होतं?

बोटाचा एक फेरा झाला. नख कुठंतरी अडलं. मग अलगद, काळी, चपटी झालेली रिंग बाहेर आली. हिरामणनं ती जुन्या फिल्टरच्या खाचेत ठेवून दाबली. बरोब्बर बसली.

राजरत्ननं खाली वाकून रिंग बघितली. "आयला…" तो म्हणाला.

"आता नवा लावू?" त्यानं विचारलं.

"थांब. ज्यानं काम केलं त्यानंच पास करायचं नसतं. दुसऱ्याचं बोट फिरायला पाहिजे." राजरत्न पुढं सरसावला, तसा हिरामण म्हणाला, "तू नाही. विठा, तू ये."

"मी? अगं बाई, मला काय कळतंय त्यातलं!"

"ये तर."

लुगडं सावरत ती गोणपाटावर टेकली. त्यानं तिचं मनगट धरून आत नेलं, आणि तिचं बोट एका गार, गोल कडेवर ठेवलं. "फिरव. काय लागतंय?"

गुळगुळीत होतं सगळं. कुठं कण नाही, चिकटा नाही. तेल तिच्या बांगड्यांवरून कोपरापर्यंत आलं. "काही नाही लागत," ती म्हणाली.

"मग म्हण, पास."

"पास."

त्यानं नव्या रिंगेला बोटानं तेल लावलं, फिल्टर टेकेपर्यंत फिरवला आणि वर पाऊण फेरा मुठीनं आवळला. गाडी चालू झाली. विठाबाईनं ती छापील चार पानं उचलून इंजिनाखाली अंथरली. दहा मिनिटांनी वाकून बघितलं, तर पानं कोरडी ठाक.

"बाबा," राजरत्न खाली मान घालून म्हणाला, "पुढच्या रविवारी ब्रेक बघायचेत. तुम्ही शिकवाल?"

"बघू," हिरामण म्हणाला. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

वर आल्यावर विठाबाईनं चहा केला. सवयीनं कप त्याच्या हातात द्यायला गेली आणि थबकली. कपबशी तिनं टेबलावर ठेवली, नि समोर बसून बघत राहिली. हिरामणचा हात आला. बशीच्या कडेवरून बोटाचा एक फेरा झाला, आणि त्यानं कान धरून कप उचलला.