फुंक केसरीनाथची, नाव इनासचे

मित्रांनो, खारबाव स्टेशनावरून गावात शिरलात की डाव्या हाताला गुलाबी रंगाचा एक दुमजली बंगला लागतो. त्याच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या काचेच्या कपाटात, पितळेचा एक वाकडा बाजा लखलखत असतो. तो मी. मी जुना सॅक्सोफोन आहे, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण अंगावरच्या चकाकीमुळे माझे वय कोणाला कळत नाही. ही चकाकीच माझ्या जिवावर उठली, हेही कोणाला कळत नाही. म्हणून आज सांगतो. थोडे कडू लागेल, पण गोड आवाज होता तेव्हा तरी कोणी विचारले होते?

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. जहाजावरच्या बँडबरोबर मी मुंबईत उतरलो आणि इनास मास्टर नावाच्या गोव्याच्या वादकाने मला विकत घेतले. तेव्हा मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जॅझ वाजायचे. जॅझ म्हणजे अशी चाल, की जी कागदावर अर्धीच लिहिलेली असते आणि उरलेली अर्धी वाजवणाऱ्याने आपल्या पोटातून काढायची असते. इनास मास्टर त्यात पटाईत होते. माणूस म्हणूनही वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे तुम्ही उगाच त्यांच्यावर दात खाल.

त्या हॉटेलात केसरीनाथ फरशी पुसायच्या कामाला होता. खारबावच्या आगऱ्याचा पोरगा, गवताच्या गाडीबरोबर मुंबईला आला आणि तिथेच राहिला. त्याची आई पुतळाबाई धवलारीण होती. आगरी लग्नात धवलारीण लागतेच. ती धवले गाते, आणि तिच्या गाण्यावर नवरा-नवरीला हळद लागते. केसरीनाथच्या कानात ते सूर दुधाबरोबरच गेले होते. बँडचा सराव चालला की हा फडके हातात घेऊन तिथेच घुटमळायचा. मास्टरांनी एकदा गंमत म्हणून मला त्याच्या हातात दिले. गंमत त्यांच्या अंगाशी आली, कारण त्यानंतर त्यांना त्याला शिकवल्याशिवाय राहवेना. फरशी पुसणारा हात काही वर्षांत माझ्या चाव्यांवर असा फिरू लागला की मीच चकित झालो.

एका रविवारी दुपारी कोणी एक हौशी पाहुणा टेप घेऊन बँडचे वादन उतरवायला आला. नेमकी मास्टरांची दाढ आदल्या दिवशी काढलेली होती आणि गाल भोपळ्यासारखा सुजला होता. त्यांनी मला केसरीनाथच्या गळ्यात अडकवले, आपण समोर उभे राहून नुसते हात हलवले. तुकडा रंगात आला, मोकळे वाजवायची वेळ आली आणि केसरीनाथने डोळे मिटून आईचा हळदीचा धवला माझ्यातून सोडला. मागे ढोल-पियानो आपले विलायती चालले होते आणि वर पुतळाबाई गात होती. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी तसा कधी वाजलो नाही. संपल्यावर मास्टरांनी सुजलेल्या तोंडाने त्याचा मुका घेतला आणि म्हणाले, "आता हो तुजोच." त्या दिवसापासून मी केसरीनाथचा झालो. टेपच्या डबीवर मात्र पाहुण्याने बँडच्या प्रमुखाचे, म्हणजे इनास मास्टरांचे, नाव लिहिले. त्यात त्याची चूक नव्हती. सगळेच तसे लिहीत.

पुढे हॉटेलांतले नाच-गाणे बंद झाले. मास्टर गोव्याला परतले आणि तिथेच वारले. केसरीनाथ मला घेऊन खारबावला आला, भिवंडीच्या एका ब्रास बँडमध्ये लागला. लग्ने, वराती, हळदी. ज्या गळ्यातून जॅझ निघाले त्यातून सिनेमाची गाणी निघू लागली. मी कुरकुर केली नाही. वाजत होतो, एवढे पुरे होते.

पण त्याची बायको सीताबाई माझा राग राग करायची, आणि तिला मी दोष देत नाही. तिच्या सख्ख्या भावाच्या लग्नात बँड आमचाच होता. केसरीनाथ लाल कोट घालून नवऱ्याच्या घोड्यापुढे वाजवत चालला. जेवणाच्या वेळी तिच्या माहेरच्यांनी जावयाला पंगतीत बसवले नाही. बाजेवाल्यांची पाने मांडवाबाहेर मांडली होती, तिथे त्याला बसवले. सीताबाई आतून बघत होती. घरी आल्यावर तिने मला पिशवीसकट अंगणात भिरकावले आणि म्हणाली, "ह्याच्या तोंडात माती घाला. ह्याचे पायी माजे नवऱ्याला भायेर जेवायला बसवला!" माझ्या घंटेला, म्हणजे पुढच्या रुंद तोंडाला, तेव्हा जो पोचा आला तो अजून आहे. पण माझ्या आवाजाला काही झाले नाही. नीट लक्षात ठेवा, तिच्या रागाने माझे काहीच बिघडले नव्हते.

मग शेजारच्या वळ गावाकडच्या जमिनींवर गोदामे उठली. केसरीनाथच्या शेतातही उठली. पोरगा प्रितम गोदामांचा मालक झाला, दारात गाडी आली, गुलाबी बंगला आला. प्रितम बापाला म्हणाला, "पप्पा, आता लोका आपल्याला शेठ बोलतान. बँडवाल्याचा पोर कोनी बोलायला नको." झाले. मी माळ्यावर गेलो, फरशांच्या उरलेल्या खोक्यांमागे. लग्नांत बँडच्या जागी डीजे आला होता, तेव्हा बाहेरही मला कोणी हाक मारत नव्हते. माझ्या चाव्यांवर हिरवा गंज धरला. केसरीनाथ कधीतरी माळ्यावर यायचा, पिशवीवरून हात फिरवायचा आणि खाली जायचा.

हे असे चालले होते ते २००९ सालापर्यंत. त्या वर्षी घरात कॉम्प्युटर आणि इंटरनेट आले. केसरीनाथची नात करिष्मा ठाण्याच्या कॉलेजात जायची. इंटरनेटवर एक ठिकाण होते, तिथे जगातले कुठलेही गाणे बसल्या जागी ऐकता यायचे, आणि कोणता वादक किती जणांनी ऐकला हा आकडा त्याच्या नावाखाली दिसायचा. कॉलेजात एका जुन्या तुकड्याची लाट आली होती. करिष्माने तो घरी लावला, आणि मी माळ्यावर शहारलो. तो माझा आवाज होता.

केसरीनाथ जेवता जेवता उठला. हात तसेच खरकटे.

"आजोबा, हे इनास म्हणून कोणीतरी होते," करिष्मा म्हणाली. "आपल्याकडच्या जॅझवाल्यांत आता एक नंबरला आहेत. अमेरिकेतून लोक ऐकतात."

"मास्टर एक नंबरच व्हते," केसरीनाथ म्हणाला. "पन ह्यो बाजा मी वाजवलाय."

प्रितम हसला. करिष्माने तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला. तेवढ्यात सीताबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि कॉम्प्युटरसमोर थबकली. "अगो, हा तं आयचा धवला! माजे हलदीला आयनी ह्योच म्हनलेला." मग तिने विचारले, "परदेशातली मानसा आयचा धवला ऐकतान?"

सासूचे गाणे तिने ओळखले, पण त्याहून मोठे काहीतरी त्या दिवशी तिला कळले. नवऱ्याला मांडवाबाहेर बसवणारा बाजा साऱ्या दुनियेत पोचला होता, फक्त दुसऱ्याच्या नावावर.

ती टेप इंटरनेटवर टाकणारा केदार नावाचा इंजिनिअर होता. मूळचा भिवंडीच्याच ब्राह्मण आळीतला, आता ठाण्याला राहणारा, जॅझचा वेडा. कुणाच्या तरी अडगळीतून त्याला डबी मिळाली, डबीवरचे नाव त्याने टाकले. करिष्माने त्याला सगळे कळवले. त्याचे उत्तर सभ्य होते. दसऱ्याला सुट्टी आहे, मी येतो, आजोबांनी तोच तुकडा त्याच बाज्यावर वाजवून दाखवला तर नाव बदलतो.

मला माळ्यावरून उतरवले. केसरीनाथने मुंबईहून नवी रीड, म्हणजे तोंडाशी लावायची वेताची पट्टी, आणवली, माझ्या चाव्यांना थेंब थेंब तेल दिले आणि रोज सकाळी मला वळच्या एका रिकाम्या गोदामात नेऊ लागला. पहिले काही दिवस आम्ही दोघेही खोकत होतो. मग एके दिवशी धवला आला. पूर्ण आला, वरच्या वळणासकट. गोदामाचा पत्रा घुमला, बाहेरचे हमाल दारात येऊन उभे राहिले. एक जण म्हणाला, "चाचा, क्या बात है, फिर से बजाओ." म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आले. नाव परत मिळणार, याची आम्हा दोघांनाही खात्री पटली. मित्रांनो, खात्री फार वाईट असते.

खंडेनवमीच्या दिवशी केसरीनाथ दाढी करायला आणि नवा सदरा आणायला भिवंडीत गेला. घरात पूजेची तयारी चालली होती. त्या दिवशी आगऱ्याच्या घरात कोयता, विळा, तराजू, गाडी, सगळ्यांची पूजा होते, आणि पूजेची भांडी चिंच-राखेने घासून निघतात. सीताबाईची नजर माझ्यावर पडली. हिरवा गंज, काळे डाग. शहरातला पाहुणा येणार, आणि हा असा? तिने मला उचलले, समया आणि ताम्हनाबरोबर पाण्याच्या टबात बुडवले आणि चिंच लावून घासायला बसली.

तिला काय माहीत, की माझ्या प्रत्येक चावीखाली चामड्याची एक बारीक गादी असते, तीच माझी छाती. ती भिजली की फुगते, वारा धरत नाही. मला ओरडता येत नव्हते. आणि खरे सांगू? ओरडावेसेही वाटत नव्हते. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा मला मायेने हात लावला होता. पोच्यावरून अंगठा फिरवत ती पुटपुटली, "लागला व्हता काय रं तुला?" मग तिने मला गच्चीवर कडक उन्हात वाळत घातले, पुसले, हळद-कुंकू लावले, झेंडूची माळ घातली आणि तराजूशेजारी पाटावर बसवले.

केसरीनाथ घरी आला. मला बघून त्याच्या हातातली पिशवी खाली पडली.

"पानी लावला ह्याला?"

"चिंचेनी घासला. कसा सोन्यासारका जालाय बघा!" ती म्हणाली. तो पुढे झाला तसा तिने त्याचा हात धरला. "आता पूजेला लावलाय. उद्यापरयंत हात न्हाय लावायचा."

पूजेतले हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचे नाही, हा तिथला रिवाज. केसरीनाथ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती हसत होती. तो बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी केदार आला. आवाज उतरवायचे यंत्र मांडले. प्रितमने गावातली चार माणसे बोलावून ठेवली होती, कारण आता बापाचे नाव होणार होते. केसरीनाथने नमस्कार करून मला उचलले, श्वास भरला आणि फुंकले.

फुस्स.

फुगलेल्या गाद्यांतून सगळा वारा बाहेर गेला. त्याने परत फुंकले. पुन्हा तेच, मध्येच एक किंकाळी, मग काहीच नाही. माणसे एकमेकांकडे बघू लागली. सीताबाईने पदर तोंडाला लावला. तिने तिथल्या तिथे धवला म्हणून दाखवला, चांगल्या आवाजात, एकटीनेच. केदार मान हलवत ऐकत राहिला.

"चाल तीच आहे, आजी," तो म्हणाला. "पण मास्टरांनीही कुठे ऐकली असेल. आणि आता लोकांनी त्यांना मानलंय. रोज ऐकणारे वाढतायत. पुराव्याशिवाय नाव बदललं तर मलाच शिव्या पडतील. आजोबा, बाज्याला काही झालंय का? दुरुस्त होणार असेल तर मी परत येतो ना."

मित्रांनो, एवढे एकच वाक्य पुरे होते. 'हिने पाण्यात धुतला, गाद्या बदलून घेतो, महिनाभराने या.' मी वाट बघत होतो. केसरीनाथने सीताबाईकडे पाहिले. चार माणसांसमोर ती उभी होती, कालपासून माझ्याकडे बघून हसणारी.

"बाजा चांगला हाय," केसरीनाथ म्हणाला. "माजाच दम संपला."

मग त्याने केदारच्या हातात आपट्याची पाने ठेवली. केदार वाकून पाया पडला आणि गेला. तो परत आला नाही.

आता मी काचेच्या कपाटात आहे. वर लाल दिवा लागतो. प्रितमला आता माझी लाज वाटत नाही. पाहुणे आले की तो सांगतो, "हा इनास मास्टरांचा बाजा. इंटरनेटवर एक नंबरचे. आमचे पप्पा त्यांच्याकडे कामाला होते." केसरीनाथ खुर्चीत बसून मान डोलावतो. सीताबाई मला रोज मऊ फडक्याने पुसते आणि म्हाताऱ्याचा दम गेला म्हणून हळहळते. तिला अजून माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.

माझे मागणे फार नाही. तुमच्या घरात एखादा जुना बाजा असेल तर त्याला घासण्याआधी, ज्याला तो वाजवता येतो त्याला विचारा. आणि कोणाचे नाव लिहायचे असेल तर वाजवणारा जिवंत आहे तोवर लिहा. मागाहून चिंच लावून चकाकी येते, आवाज येत नाही.

तिन्हीसांजेला केसरीनाथ नातीला म्हणतो, "लाव गो जरा मास्टरांचा." धवला सुरू होतो, म्हातारा डोळे मिटतो, आणि मांडीवर त्याची बोटे माझ्या चाव्या शोधतात. तुकडा संपला की करिष्मा आकडा बघते आणि म्हणते, "आजोबा, इनासना ऐकणारा अजून एक वाढला."

तो एक म्हणजे केसरीनाथ असतो.