वरची फुलं, खालची फुलं

मावशीच्या हातातली कात्री कधी रेषेबाहेर गेली नाही, पण जिभेला तसा सराव नव्हता. ती एकदा बोलून गेली आणि मग बसली निस्तरत.

झालं असं, की बहिणीचे दिवस भरायला अजून बराच अवकाश होता, तोच तिचा रक्तदाब चढला, पायांवर सूज आली आणि डॉक्टरांनी तिला आठवडाभरासाठी म्हणून दवाखान्यातच झोपवून ठेवलं. मेहुणा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा; आज इथं, तर उद्या कुठं, त्याचं त्यालाच ठाऊक. मागे दोन लेकरं. मग मावशीच आपली वळकटी आणि कात्री घेऊन बहिणीच्या दोन खोल्यांत राहायला आली. दिवसभर कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायच्या, येताना बहिणीला बघायचं, शेजारच्या काकूंकडून मुलं घ्यायची, की लागलीच भात टाकायचा. दवाखान्यात लहान मुलांना आत सोडत नसत. त्यामुळे आई कशी आहे, हे मुलांना मावशीच्या तोंडूनच कळायचं, आणि मावशीचं तोंड संध्याकाळपर्यंत इतकं दमलेलं असायचं, की त्यातून 'बरी आहे' एवढंच बाहेर पडायचं.

धाकटा चार वर्षांचा. डोळे वाटोळे, टपोरे, म्हणून मावशी त्याला बटण म्हणायची. थोरली सात वर्षांची, पण बोलणं सत्तरीचं. तिला ती आजीबाई म्हणायची.

बटणाच्या शाळेतल्या बाईंनी वसंतातली फुलं शिकवली होती. घोटीव कागदाचा चौकोन घ्यायचा, दोनदा दुमडायचा, मोकळ्या कडांना पाकळीसारखी गोलाई द्यायची. उलगडलं की फूल. मधे पिवळ्या कागदाची चुरगाळलेली गोळी, आणि मागे खळीचं बोट. एका संध्याकाळी बटणानं 'आई कधी येणार' म्हणून असा काही सूर लावला, की काकू दोनदा दारात येऊन गेल्या. मावशीच्या नाकी नऊ आले. तिनं पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू काढला, पलंगासमोरच्या भिंतीवर एक मोठी चौकट आखली आणि म्हणाली, "ही चौकट फुलांनी भरली ना, की आई येईल."

बटण गप्प झाला. रडं थांबलं ते थांबलंच. मावशीला वाटलं, सुटले.

तिनं मनाशी अंदाज बांधला होता. चार वर्षांचं पोर, बोटांना खळ, नाकाला खळ. एका फुलाला अर्धी संध्याकाळ जाणार. तोवर डॉक्टरांनी सांगितलेला आठवडा सहज उलटेल. अंदाज चुकला तो पोराबद्दलचा नाही, स्वतःबद्दलचा. कारखान्यात जन्म गेलेला. काम समोर आलं, की ते एकेक करणं तिच्या हाताला जमतच नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं सवयीनं कागदांचे थर एकावर एक रचले, कडा जुळवल्या, टाचणी टोचली आणि एका कापात मूठभर फुलं पाडली. कापता कापता गुणगुणलीसुद्धा:

कागदाच्या फुलाला गं, माती नको, पाणी नको,
लेकराच्या हाताला गं, रिकामी ती घडी नको.

मुलं चिकटवत गेली, ती कापत गेली. तांबडी, जांभळी, केशरी. चौकट बघता बघता भरत आली, आणि नेमकं तेव्हाच डॉक्टर म्हणाले, की बाळंतपण होईपर्यंत घरी सोडता येणार नाही. त्या संध्याकाळी घराबाहेरच्या जिन्यात उभं राहून मावशीनं मेहुण्याला फोन लावला आणि हे सांगितलं. तो पलीकडून नुसता हूं म्हणाला.

आपल्याच हातानं पायावर पाडून घेतलेला धोंडा. आता उचलायचा कुणी?

मग रोज सकाळी मुलांना काकूंकडे पोचवलं, की मावशी डबा विसरल्याचं निमित्त करून परत यायची. स्टुलावर चढायची आणि वरच्या बाजूची फुलं नखानं हळूच सोडवायची. वरचीच का, तर बटणाची नजर तिथवर नीट पोचत नसे. काढलेली फुलं चिंध्यांच्या पिशवीत, पिशवी पलंगाखाली. मग धावतपळत कारखाना. संध्याकाळी पुन्हा कागद, पुन्हा कात्री, पुन्हा खळ. सकाळी उसवायचं आणि संध्याकाळी तेच शिवायचं, आणि ह्या शिलाईची मजुरी म्हणाल तर पोराचा एक दिवस न रडता जातो, एवढीच.

बटणाला संशय आला, पण तो वाऱ्यावर. वारा फुलं पाडतो म्हणून त्यानं खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली. उकाड्यानं तिघांचा जीव जायचा, पण खिडकी उघडायची सोय नव्हती. आजीबाई काही बोलायची नाही. ती खाली मान घालून कापायची, आणि अलीकडे फारच सावकाश कापायची. मावशी एकदा तिला म्हणालीही, की गोगलगायसुद्धा तुला ओलांडून जाईल. त्यावर पोरगी म्हणाली, गोगलगायीला कारखान्यात जायचं नसतं.

सुट्टीच्या दिवशी मावशी धुणं घेऊन बसली. बादलीत कपडे भिजवले होते. झाकण काढलं, तर पाणी लालभडक.  दवाखान्याच्या वाऱ्या करून करून मन असं झालेलं, की लाल दिसलं की पहिला विचार वाईटच. तिनं हात घातला. आजीबाईचा फ्रॉक वर आला, आणि खिशातून कागदाचा लगदा. उलगडून पाहिलं तर पाकळ्या. एक फूल, दुसरं, खिसा फुगेस्तोवर फुलं.

ही तिनं काढलेली नव्हती. तिची सगळी पलंगाखाली होती. ओल्या हातांनी ती तशीच उठून आत गेली आणि भिंतीकडे पाहत राहिली. चौकटीच्या तळाशी, सात वर्षांच्या पोरीचा हात पोचेल तिथं, जागोजागी खळीचे नुसते डाग होते. रोज वरचं बघण्याच्या नादात खालचं तिला दिसलंच नव्हतं.

आजीबाई दारात उभी होती. तिनं एकदा फ्रॉककडे पाहिलं, एकदा मावशीकडे.

"मी खालची काढते," ती म्हणाली. "वरची तू काढतेस ना?"

मावशी पलंगावर बसली. पोरीनं मग सांगितलं सगळं, शाळेतला धडा म्हणून दाखवावा तसं. जिन्यातला फोन तिनं ऐकला होता. चौकट भरली आणि आई आली नाही, तर बटण पुन्हा सूर लावेल, आणि मग मावशी जेवत नाही. म्हणून ती शाळेतून आली, की काकूंकडून किल्ली मागून घ्यायची आणि थोडी थोडी काढून ठेवायची. खिसा रिकामा करायचा तेवढा राहून गेला.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

 मावशीनं तिला ओढून मांडीशी घेतलं. पोरीचं अंग आखडलेलं होतं, दिवसभर मशीनवर बसलेल्या बाईसारखं. सात वर्षांच्या पाठीला हे ओझं कुणी दिलं, हे सांगायला तिला दुसरं कुणी लागत नव्हतं. मावशीनं पदरानं हात पुसले आणि बटणाला हाक मारली. आजीबाई तिच्या कानाशी लागली, की नको, तो रडेल. मावशी म्हणाली, रडू दे.

तो आला. मावशीनं त्याला समोर उभं केलं आणि एका दमात सांगून टाकलं. फुलांनी काही आई येत नाही. ते मी आपलं तुला गप्प करायला म्हटलं होतं. बाळ झालं, की डॉक्टर आईला सोडतील, आणि ते कधी, हे मला माहीत नाही.

"डॉक्टरला माहीत आहे?"

"त्यांनाही नक्की नाही रे."

बटणानं भिंतीकडे पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला. दोघी वाट पाहत राहिल्या.

"मग आज फुलं नाही केली," तो म्हणाला, "तरी चालेल?"

"चालेल की."

"उद्या?"

"उद्याही."

आणि तेव्हा तो रडला. आईसाठी रडला, हे तर होतंच, पण हुंदक्याच्या मधूनमधून तक्रारीही येत होत्या: कात्री बोटाला टोचते, खळीला वास येतो, त्याला फुलं कधी आवडलीच नव्हती, त्याला गाड्या आवडतात. मावशी सगळ्याला हो म्हणत राहिली. आजीबाईनं मान फिरवली, पण खांदे हलायचे ते हललेच. मावशीनं तिलाही थांबवलं नाही.

रडं ओसरलं तेव्हा उन्हं खोलीत आली होती. धुणं बादलीतच होतं. पिळायला हवं होतं, नाहीतर लाल रंग सगळ्या कपड्यांना लागणार, हे मावशीला कळत होतं. कळत असूनही ती पलंगावर आडवी झाली. एका कुशीला बटण, दुसऱ्या कुशीला आजीबाई. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच दिवसाउजेडी पाठ टेकत होती.

झोपेच्या काठावरून आजीबाईनं विचारलं, की खिशातला रंग फ्रॉकवरून जाईल का.

"नाही जायचा," मावशी म्हणाली, आणि तिचे डोळे मिटले.