बघून सांगतो

"धर हं, बघून सांगतो," असं म्हणून त्याने रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला, चपला पायांत सरकवल्या आणि मागचं दार उघडलं. वारा सरळ शर्टाच्या आत शिरला. पायरीवरूनच त्याने बागेवर इकडून तिकडे एक नजर फिरवली, दार लावलं आणि परत आला.

"काही नाही," तो म्हणाला.

"काही नाही म्हणजे?" पलीकडून मेहुणीने विचारलं.

"म्हणजे थंडी आहे. पानं गळलीत. सगळ्याचा खराटा झालाय."

"बाग जागेवर आहे ना? मला वाटलं, उठून कुठे निघून गेली की काय."

मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. जिभेला धार पहिल्यापासूनच. दोन वर्षांपूर्वी पडून तिचं कमरेचं हाड मोडलं आणि तेव्हापासून ती दूरच्या शहरात, मुलाच्या घरी, चौथ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, तीही गिलावा न केलेली. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा आणि बायको तिला बाग सांगत बसायची, तासभर. मोबाइलवर दाखवता आली असती. लेकीचं दोनदा शिकवूनही झालं होतं. पण दोघी बहिणींना दाखवणं नको होतं, सांगणं हवं होतं.

बायको जाऊन चार महिने झाले. मेहुणीला शेवटचं बघायलाही येता आलं नाही, पण रविवारचा फोन तिने चालू ठेवला. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, थंडी काय म्हणते, असं करत चार मिनिटांत सगळं आटपायचं. आज मात्र ती म्हणाली होती, "भावोजी, पुढच्या रविवारपासून मी नाही करत फोन. दोघंही उगाच घड्याळाकडे बघत बसतो."

"बरं," तो बोलून गेला, आणि मग भानावर आला. आईचा विषय निघाला की लेक रडायची आणि लगेच त्याच्या रक्तदाबावर यायची. शेजारच्यांनी तर बायकोचं नाव काढणंच सोडलं होतं. 'ताई' म्हणणारं एवढं एकच माणूस उरलं होतं, आणि तेही फोन ठेवायला निघालं होतं. म्हणून तोंडाला येईल ते त्याने विचारलं होतं, "बागेचं नाही विचारलंस कधी मला?"

"बरं, विचारते. काय आहे बागेत?"

आणि बागेत हे असं, काही नाही.

"पुन्हा बघतो," तो आता म्हणाला. "मघाशी नीट बघितलं नाही."

या खेपेला तो दोन पायऱ्या उतरला. तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात तो तपासनीस होता. खालून दिवे लावलेल्या काचेवरून कापड सरकत जायचं, आणि गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची. चांगलं कापड बघणं त्याच्या कामातच नव्हतं, ते आपलं पुढे निघून जायचं. त्याच डोळ्यांनी त्याने बाग वरपासून खालपर्यंत तपासली आणि आत येऊन फोन उचलला.

"कोपऱ्यातल्या कुंडीला तडा गेलाय. नळ ठिबकतोय. जाईचा वेल एका बाजूने वाळलाय आणि कुंपणाची तार सुटलीय."

"भावोजी, बाग सांगताय की तक्रार नोंदवताय?"

त्याला हसू आलं, चार महिन्यांत पहिल्यांदा. तीही हसली.

"मागच्या थंडीत," ती म्हणाली, "ताई मला वीस मिनिटं तुमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीबद्दल सांगत होती."

"दोरीबद्दल?"

"दोरीवरच्या दवाबद्दल."

मागच्या थंडीत दर रविवारी तो याच खोलीत, याच खुर्चीत होता. पेपर वाचत. बायकोचा आवाज वाढला की तो पेपर जरा वर धरायचा. ती वीस मिनिटं त्याच्या कानांवरून गेली होती आणि त्यातला एक शब्द त्याला आठवत नव्हता. आता त्यासाठी त्याने काय वाटेल ते दिलं असतं.

"काय सांगायची गं?"

"ते मला नाही सांगता येणार. ते तिलाच यायचं." ती म्हणाली. "जाऊ दे, भावोजी. थंडीत आत-बाहेर करू नका. ठेवते मी."

"ठेवू नकोस," तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "एकदाच. धर."

त्याने स्वेटर चढवला, घाईत उलटाच, आणि बागेत थेट आतपर्यंत गेला. माती कडक झाली होती, पायाखाली करकरत होती. गुलाबाचे नुसते खुंट. आळ्यात पाणी नाही. कडेला डाळिंबाचं झाड, एकही पान नसलेलं, आणि त्याच्यावर चार फळं, वाळून काळपट पडलेली. ती फळं बायकोने मुद्दाम काढली नव्हती. 'चांगली फळं फुकट घालवतेस,' म्हणून त्याने वाद घातला होता, आणि ती 'असू देत' एवढंच म्हणाली होती. आता सगळी उकलली होती. पाखरांनी दाणे कधीच संपवले होते. टाकाऊ माल, त्याच्या मनाने नोंद केली, आणि तो पुढे निघाला.

तेवढ्यात शेजारच्या पाण्याच्या टाकीआडून ऊन वर आलं आणि तिरपं त्या झाडावर पडलं. सगळ्यांत खालचं फळ आतून उजळलं. दाणे गेले होते, पण त्यांची घरं तशीच होती, शेकडो, आणि मधले पातळ पडदे कांद्याच्या पापुद्र्यासारखे उन्हात पेटले होते. प्रत्येक रिकाम्या घरात टिकलीएवढी सावली. तो जवळ गेला. वारा आला की फळ किंचित वळायचं आणि सगळ्या सावल्या एकदम सरकायच्या. एक इवलासा पक्षी आला, त्याने आत डोकं घातलं आणि तिथेच राहिला. त्याची चोचसुद्धा त्या पडद्यांतून दिसत होती.

"अगं, हे बघ—" तो स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळून म्हणाला.

चांगलं मोठ्याने म्हणाला. खिडकी बंद होती. पक्षी उडाला.

तो पालथ्या बादलीवर बसला. किती वेळ बसला, त्याचं त्यालाच कळलं नाही. ऊन एका फळावरून दुसऱ्यावर गेलं, मग तिसऱ्यावर, आणि त्याच्या पायांची बोटं बधिर झाली. त्याला ती हवी होती. दुसरं काहीही नको होतं, फक्त ती इथे येऊन 'मी काय म्हणत होते' म्हणायला हवी होती.

आत आला तेव्हा घड्याळात पावणेअकरा झाले होते. फोन केव्हाच बंद झाला असणार म्हणून जागेवर ठेवायला त्याने रिसीव्हर उचलला, तर आतून खोकल्याचा आवाज आला.

"तू अजून आहेस?"

"ताईपण अशीच जायची," मेहुणी म्हणाली. "आलेच म्हणायची आणि विसरायची. मी धरून बसायचे. आता सांगा."

त्याने सांगितलं. डाळिंब म्हणाला, ऊन म्हणाला, पडदे म्हणाला, पक्ष्याचं मध्येच आठवून मागे गेला. जेमतेम सहा-सात वाक्यं झाली असतील, तीही अडखळत, आणि सगळं संपल्यावर त्याला वाटलं, आपण काहीच सांगितलं नाही.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"पडद्यांचा रंग कसा होता?"

"पिवळा. नाही, पिवळा नाही." त्याने डोळे मिटले. "नाही गं सांगता येत."

"मग नीट बघून ठेवा. पुढच्या रविवारी विचारीन."

त्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"पुढच्या रविवारपर्यंत ते राहील का पण?"

"नाही राहिलं तर दुसरं काही असेल," ती म्हणाली. "ताईला तरी कुठे दर वेळी तेच मिळायचं?"